आदिवासी प्रश्नांवरच्या पेपरसाठी संदर्भ: कुठे शोधायचे आणि कसे पारखायचे

'आदिवासींच्या समस्या' हा पेपरचा विषय होऊ शकत नाही. महाराष्ट्रात 45 अनुसूचित जमाती आहेत. सातपुड्यातला भिल्ल शेतकरी, भामरागडचा माडिया आणि रायगडच्या वीटभट्टीवर हंगाम काढणारा कातकरी यांची भाषा वेगळी, जमिनीशी नाते वेगळे आणि सरकारी कचेरीशी येणारा संबंधही वेगळा. सरसकट शब्द घेऊन ग्रंथालयात गेलात तर हाती सरसकट पुस्तकेच लागतील. त्यांत राहणीमान, पोशाख, सण, देवदेवता आणि शेवटी समस्या अशी ठरीव प्रकरणे असतात आणि मजकूर एकातून दुसऱ्यात उतरलेला असतो.

म्हणून शोध सुरू करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा: कोणती जमात, कोणता भूभाग, कोणता काळ, नेमका कोणता प्रश्न. 'रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबांचे वीटभट्टीसाठीचे हंगामी स्थलांतर आणि मुलांची शाळा, 2010 नंतर' एवढे नेमके लिहिले की संदर्भ आपोआप गाळले जातात. शिवाय कुठे काहीच सापडत नाही हेही कळते, आणि ती रिकामी जागाच कधीकधी पेपरचा खरा विषय ठरते.

साधारण तीन हजार शब्दांच्या पेपरला दहा ते तेरा चांगले संदर्भ पुरतात. पाच-सहा संशोधनलेख, दोन-तीन पुस्तके किंवा प्रबंधांतली प्रकरणे आणि तीन-चार मूळ दस्तऐवज (कायदा, निकाल, जनगणनेचा तक्ता, शासन निर्णय) असा मेळ ठेवा. एकूण संदर्भांपैकी निदान तीन त्या समाजातल्या किंवा दुसऱ्या आदिवासी समाजातल्या लेखकांचे असावेत. ही अट शेवटी आठवली तर पूर्ण होत नाही, ती पहिल्या दिवसापासून पाळावी लागते.

शोधाचे शब्द

एकाच जमातीची अनेक नावे आणि एकाच नावाची अनेक स्पेलिंगे, ही इथली पहिली अडचण. कातकरी समाज जुन्या कागदांत काथोडी, काथकरी असा येतो. अनुसूचित जमातींच्या यादीत तर काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, सोन कातकरी अशी सगळी नावे एकाच नोंदीत आहेत. वारली आज रोमन लिपीत 'डब्ल्यू'ने लिहितात, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये 'व्ही'ने लिहिलेले सापडते. माडियांसाठी 'मारिया' शोधावे लागते, भिल्लांसाठी एकोणिसाव्या शतकातले दोन 'ई'चे स्पेलिंग. स्कॅन केलेल्या जुन्या ग्रंथांत अक्षरांवरच्या खुणांमुळे संगणकाचे वाचन चुकते. तेव्हा शोध रिकामा आला म्हणून उल्लेखच नाही असे समजू नका, ग्रंथाच्या शेवटची सूची डोळ्यांनी चाळा.

समूहवाचक शब्दही काळानुसार बदलत गेले. इंग्रज काळातील जनगणनांमध्ये धर्माच्या रकान्यात या समाजांची नोंद 'अ‍ॅनिमिस्ट' अशी होई, 1931 मध्ये 'प्रिमिटिव्ह ट्राइब्ज' असा शब्दप्रयोग आला. स्वातंत्र्यानंतर 'अनुसूचित जमाती' ही घटनात्मक संज्ञा आली. महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती केंद्राच्या कागदांत आधी 'आदिम जमाती गट' म्हणून येतात आणि 2006 नंतर 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' म्हणून. राज्याच्या मराठी कागदांत मात्र 'आदिम जमाती' हाच शब्द अजून चालतो. दोन्ही शब्दांनी शोधा. काही संघटनांच्या साहित्यात 'वनवासी' हा शब्द असतो. तिथले संदर्भ वाचायला हरकत नाही, पण या शब्दामागे एक ठाम राजकीय भूमिका आहे हे ध्यानात ठेवूनच.

जिल्ह्यांची नावे आणि सीमा पुष्कळांना फसवतात. गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये चंद्रपुरातून, नंदुरबार 1998 मध्ये धुळ्यातून आणि पालघर 2014 मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. म्हणजे 2011 च्या जनगणनेत जव्हार, मोखाडा, डहाणू हे तालुके ठाणे जिल्ह्यात आहेत. 'पालघर, 2011' असा आकडा कुठे दिसला तर कोणीतरी तालुक्यांची बेरीज केली आहे. ती तुम्हीही करून पाहा.

कुठून सुरुवात करावी

पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून काम करते आहे. तिचे ग्रंथालय, मूल्यमापन अहवाल आणि संग्रहालय हे महाराष्ट्रापुरते सर्वांत भरघोस ठिकाण आहे. तिथल्या अहवालांतले पुष्कळसे शासनाच्या योजनांचे मूल्यमापन आहेत. योजना कशी आखली आणि किती पोहोचली हे त्यांतून चांगले कळते. लोकांना ती योजना हवी होती का, हा प्रश्न मात्र त्यांत क्वचितच विचारलेला असतो. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाच्या डिजिटल संग्रहातही राज्याराज्यांच्या अशा संस्थांचे अहवाल मिळतात.

प्रबंधांसाठी 'शोधगंगा' हा भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा बघा. तिथे दर्जा फार कमी-जास्त आहे, म्हणून प्रबंध उघडला की आधी संशोधनपद्धतीचे प्रकरण वाचा. किती गावे, किती कुटुंबे, निवड कशी केली, मुलाखती कोणत्या भाषेत झाल्या, दुभाषी होता का? ही माहिती नसेल किंवा 'शंभर आदिवासींना प्रश्नावली दिली' एवढ्यावर काम भागवले असेल, तर त्या प्रबंधाचे निष्कर्ष घेऊ नका. त्याची संदर्भसूची मात्र जरूर चाळा. प्रबंधात उद्धृत केलेली गोष्ट प्रबंधाच्या नावावर देणे ही नेहमीची चूक आहे. मूळ पुस्तक काढून पान तपासा. अवतरणे हातोहात बदलत जातात.

संशोधनलेखांसाठी 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'चे जुने अंक अमोल आहेत. जमीन, जंगल, विस्थापन, पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) यांवरचे वाद तिथे लेखाला लेखाने उत्तर देत झालेले आहेत, त्यामुळे एक लेख घेतला की त्यावरचा प्रतिवादही शोधता येतो. सशुल्क नियतकालिकांसाठी आधी कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा. 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत शासकीय उच्चशिक्षण संस्थांना मोठ्या प्रकाशकांची हजारो नियतकालिके खुली झाली आहेत आणि अनेक विद्यार्थ्यांना आपले कॉलेज त्यात आहे याचा पत्ताच नसतो.

पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापणारी नियतकालिके या विषयात फार आहेत. मुखपृष्ठावर 'यूजीसी केअर लिस्टेड' लिहिलेले असले म्हणजे निश्चिंत होऊ नका. मान्य नियतकालिकांची ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये बंदच केली आहे. त्याऐवजी एकाच अंकात वनस्पतिशास्त्र, बँकिंग आणि आदिवासी संस्कृती असे लेख शेजारीशेजारी आहेत का, स्वीकृतीची तारीख लेख पाठवल्यापासून दोन-चार दिवसांवर आहे का, संपादक मंडळातल्या लोकांचा विषयाशी काही संबंध आहे का, हे बघा. एवढ्याने निम्मे लेख गळतात.

चॅटबॉटने दिलेला संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत किंवा नियतकालिकाच्या संकेतस्थळावर स्वतः सापडल्याखेरीज यादीत घेऊ नका. लेखक खरा, नियतकालिक खरे आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही, असे तिथे नेहमी होते.

आकडे: इथे सर्वांत जास्त घसरण होते

1971 च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे साडेएकोणतीस लाख होती, 1981 मध्ये सुमारे पावणेअठ्ठावन्न लाख. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. या वाढीचा अर्थ 'जन्मदर प्रचंड होता' असा लावलेले लेख आजही सापडतात. खरे कारण कायद्यात आहे. 1976 पर्यंत जमातींच्या यादीला क्षेत्राचे बंधन होते: गोंड मेळघाटात अनुसूचित जमात, पण विदर्भाच्याच दुसऱ्या भागात नाही. 1976 च्या सुधारणा अधिनियमाने हे बंधन उठवले आणि आधी यादीबाहेर असलेले लोक 1981 मध्ये मोजले गेले. नामसाधर्म्याचा फायदा घेऊन काही बिगर-आदिवासींनीही स्वतःची नोंद जमातींत करून घेतली, असा आक्षेप तेव्हापासून आहे. या दोन कारणांचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे. म्हणून 1971 आणि 1981 यांची थेट तुलना करणारा आलेख पेपरात घालायचा असेल, तर खाली हे स्पष्टीकरण लिहिलेच पाहिजे.

पुढचा धडा साधा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमाती 1 कोटी 5 लाख, म्हणजे 9.35 टक्के. 2021 ची जनगणना झालीच नाही. '2023 मधील आदिवासी लोकसंख्या' असे लिहिलेले दिसले तर तो अंदाज आहे. तो कोणी आणि कशावरून काढला हे लिहिलेले नसेल तर सोडून द्या. जमातनिहाय आणि जिल्हानिहाय आकड्यांसाठी जनगणनेचा ए-11 तक्ता आणि त्याचे परिशिष्ट उघडा. दुय्यम लेखांत हे आकडे बहुधा दोन-तीन हात फिरून आलेले असतात.

भाषेच्या आकड्यांतही असेच आहे. जनगणनेत 'भिली' या एका नावाखाली अनेक मातृभाषा एकत्र मोजल्या जातात आणि दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषा प्रसिद्ध यादीत स्वतंत्रपणे दिसत नाहीत. 2011 मध्ये गोंडी भाषक सुमारे तीस लाख नोंदले गेले, गोंड समाजाची देशभरची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे. या फरकात भाषा मागे पडल्याचे दुःख आहे आणि प्रगणकाने न विचारताच हिंदी किंवा मराठी लिहून टाकण्याची शक्यताही आहे. नुसता आकडा पाहून यातले काय किती, हे सांगता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतून (2019-21) राज्यपातळीवर अनुसूचित जमातींचे कुपोषण, रक्तक्षय, लसीकरण यांचे आकडे मिळतात. जिल्ह्याच्या तथ्यपत्रिकेत अशी जातवार-जमातवार विभागणी नसते. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्याचा आकडा 'भिल्लांचा आकडा' म्हणून देता येत नाही. जिल्ह्यात आदिवासी बहुसंख्य आहेत, हे खरे असले तरी. हे सर्वेक्षण नमुन्यावर आधारलेले आहे आणि सगळ्या जमातींना एकाच पोत्यात घालते. कोलामांची स्थिती त्यातून कळणार नाही. आरोग्यावर लिहीत असाल तर डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीचा 2018 चा अहवाल आधी वाचा. त्यात माहितीच्या या उणिवांवरही बोट ठेवले आहे.

बालमृत्यूंचा आकडा घेताना वयोगट तपासा. एका अहवालात शून्य ते एक वर्ष, दुसऱ्यात शून्य ते सहा वर्षे, तिसऱ्यात उपजत मृत्यूही धरलेले. मेळघाटाबद्दलच्या बातम्यांमध्ये हे सर्रास एकत्र होते आणि मग 'मृत्यू घटले' की 'वाढले' याचा निवाडाच होऊ शकत नाही.

वनहक्कांचे आकडे केंद्रीय मंत्रालयाच्या मासिक प्रगती अहवालात मिळतात. वैयक्तिक दावे आणि सामूहिक दावे वेगळे वाचा. सामूहिकमध्येही दोन प्रकार आहेत: निस्तार (घरच्या गरजेपुरते जळण-लाकूड घेणे), चराई, गौण वनोपज यांचे सामूहिक हक्क, आणि वनहक्क कायद्याच्या कलम 3(1) खालीच मिळणारा सामूहिक वनसंसाधनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क. 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला यांतला दुसरा हक्क मिळाला, त्याचे महत्त्व या भेदातच आहे. अहवालांत दोन्ही प्रकार बहुधा एकत्रच असतात. 'दावे निकाली' हा रकानाही नीट वाचा. निकाली निघाला म्हणजे मंजूर झाला असे नव्हे, फेटाळलेले दावेही त्यातच असतात.

लोकसभा आणि राज्यसभेतली लेखी उत्तरे हा फार उपयोगी आणि कमी वापरला जाणारा स्रोत आहे. राज्यनिहाय निधी, रिक्त पदे, आश्रमशाळांतले मृत्यू अशी माहिती तिथे तक्त्यात मिळते. संदर्भ देताना प्रश्न क्रमांक, तारांकित की अतारांकित, तारीख आणि मंत्रालय लिहा. त्याच योजनेवर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. मंत्रालय सांगते किती खर्च झाला, महालेखापरीक्षक सांगतात तो कुठे गेला.

इंग्रजी राजवटीतले ग्रंथ

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखालचे मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर (खानदेश 1880, ठाणे 1882, नाशिक 1883), एन्थोवेन यांचे मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरचे तीन खंड, रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे 1916 चे चार खंड: हे सगळे इंटरनेटवर मोफत आहे, आणि म्हणूनच धोका आहे. मोफत आणि नेमक्या वाटणाऱ्या मजकुरावर विद्यार्थी पटकन विसंबतात.

यांतून काय घ्यावे? गावांची नावे, बाजारभाव, जंगलांच्या हद्दी कधी आखल्या, सावकारी किती होती, कोणता उठाव कोणत्या वर्षी झाला. काय घेऊ नये? 'स्वभावाने आळशी', 'दारूचे व्यसनी', 'चोरटे' अशी विधाने. ती तथ्ये नाहीत, ती त्या अधिकाऱ्याची भूमिका आहे. ठाण्याचा खंड 1882 चा, त्याच्या चारच वर्षे आधी, 1878 मध्ये, मुंबई अबकारी कायदा आणि भारतीय वन कायदा हे दोन्ही आले. मोहाची दारू घरी गाळणे गुन्हा ठरले आणि जंगलातली शेती अतिक्रमण ठरली. अबकारी महसूल गोळा करणाऱ्या सरकारचा अधिकारी आदिवासींच्या पिण्याबद्दल लिहितो तेव्हा तो तटस्थ निरीक्षक नसतो. असे वाक्य उद्धृत करायचेच असेल तर वसाहती शासनाची दृष्टी दाखवण्यासाठी करा, समाजाचे वर्णन म्हणून नव्हे.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे तसेच. तो 1952 मध्ये रद्द झाला, पण त्याची भाषा पोलिसी नोंदींतून आणि वर्तमानपत्रांतून अजून डोकावते. इथे आणखी एक खबरदारी: विमुक्त-भटक्या जमाती आणि अनुसूचित जमाती हे महाराष्ट्रात वेगवेगळे प्रवर्ग आहेत. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत आहे, तेलंगणात अनुसूचित जमातींत. तेलंगणातल्या लंबाडांवरचा (तिथल्या बंजारांवरचा) अभ्यास महाराष्ट्राला जसाच्या तसा लावता येणार नाही.

स्वातंत्र्याच्या आसपासचे वादही पक्ष ओळखून वाचावेत. गो. स. घुर्ये यांनी 1943 मध्ये आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हटले, व्हेरियर एल्विन त्याआधी त्यांच्या स्वतंत्र जीवनपद्धतीच्या संरक्षणाची बाजू मांडत होते. दोघेही मोठे अभ्यासक, दोघांच्याही मताला तेव्हाच विरोध होता. यांपैकी एकाला 'अभ्यासकांचे मत' म्हणून पुढे करू नका.

कायदे, निकाल, समित्या

कायद्याबद्दल लिहिताना लेखातला सारांश पुरत नाही, कायदाच उघडा. वनहक्क कायदा 2006 चा, नियम 1 जानेवारी 2008 चे आणि त्यांत सप्टेंबर 2012 मध्ये मोठी दुरुस्ती. म्हणजे 2010 मधला लेख दावा प्रक्रियेबद्दल जे सांगतो ते आता जुने असू शकते. जमिनीच्या ताब्याची अट 13 डिसेंबर 2005 ची आहे, आणि आदिवासी नसलेल्या वननिवासींना त्याआधी तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास दाखवावा लागतो. हे तपशील चुकवणारे लेख इतके आहेत की लेख पारखायला हीच चाचणी वापरता येते.

पेसा कायदा 1996 चा, महाराष्ट्राचे नियम 2014 चे. अनुसूचित क्षेत्र मात्र 1985 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ठरते आणि त्यात काही तालुके पूर्ण तर काही अंशतः आहेत. तुमचे गाव 'पेसा'त येते का, हे तालुक्यावरून ठरवू नका. गावांची यादी पाहा.

न्यायालयीन निकालांची तारीख डोळ्यांत तेल घालून पाहा. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे वनहक्क दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला आणि 28 फेब्रुवारीला स्वतःच त्याला स्थगिती दिली. मधल्या पंधरा दिवसांत छापून आलेला मजकूर आजही संदर्भ म्हणून फिरतो. निकाल वाचताना परिच्छेद क्रमांक लिहून घ्या, आणि बहुमताचा निकाल व वेगळे मत यांत गफलत करू नका. अनुसूचित क्षेत्रातल्या खाणपट्ट्यांबद्दलचा 1997 चा समता निकाल दोन विरुद्ध एक असा आहे. असहमत न्यायाधीशांचे वाक्य 'न्यायालयाने म्हटले' म्हणून दिलेले पेपर दिसतात. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीबद्दलच्या 2013 च्या निकालावर लिहिताना न्यायालयाने ग्रामसभांकडे नेमका कोणता प्रश्न सोपवला, हे मूळ मजकुरातूनच घ्या. बातम्यांत ते ढोबळ होते.

समित्यांच्या अहवालांत ढेबर आयोग (1960-61), लोकुर समिती (1965) आणि व्हर्जिनियस खाखा यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समिती (2014) हे तीन टाळता येत नाहीत. लोकुर समितीचे निकष, म्हणजे आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, परक्यांशी संपर्काचा संकोच, मागासलेपण, हे व्याख्या म्हणून उतरवून मोकळे होऊ नका. ते प्रशासनाचे निकष आहेत आणि त्यांच्यावर कडक टीका झालेली आहे. टीकाही द्या.

आंतरराष्ट्रीय चौकट आणायची असेल तर एवढे पक्के ठेवा: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1957 चा करार क्रमांक 107 भारताने मान्य केला, 1989 चा क्रमांक 169 केला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या मूलनिवासी हक्क जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिले, पण देशातले सगळेच लोक मूलनिवासी आहेत अशी सरकारची भूमिका राहिली. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांतले मुद्दे इथे लावताना हा फरक लपवू नका.

शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर विभागानुसार मिळतात. संकेतांक आणि दिनांक दोन्ही लिहा आणि नंतरचे शुद्धिपत्रक किंवा तो निर्णय अधिक्रमित करणारा नवा निर्णय आहे का, हे शोधा. ही पायरी गाळली की रद्द झालेल्या योजनेवर पान-दोन पान लिहिले जाते.

आदिवासींनी स्वतः लिहिलेले आणि सांगितलेले

या विषयावरच्या पेपरांत आदिवासी माणूस पुष्कळदा फक्त 'मुलाखत' म्हणून येतो आणि विचार मात्र दुसऱ्याचा असतो. हे मला सर्वांत खटकते. गोविंद गारे महादेव कोळी समाजातले, आदिवासी संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले, त्यांचे लेखन हे अभ्यासकाचे लेखन आहे. वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम, उषाकिरण आत्राम, नजुबाई गावित यांच्या कवितेत-कथेत जमीन, स्त्रिया, चळवळ यांबद्दल स्पष्ट मांडणी आहे. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा आणि कोया पुनेम या गोंडांच्या धर्मावर आयुष्यभर काम केले. झारखंडचे आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा यांचे 19 डिसेंबर 1946 चे संविधान सभेतले भाषण वादविवादांच्या छापील खंडात आणि इंटरनेटवर आहे. यांना वाचा, आणि एखाद्या प्राध्यापकाच्या लेखाशी जसा वाद घालाल तसा यांच्याशीही घाला. सहमत होण्याची सक्ती नाही, पण गंभीरपणे घेण्याची आहे.

हे साहित्य मोठ्या सूचींत सापडत नाही. छोटे प्रकाशक, संमेलनांच्या स्मरणिका, 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला लागणारी पुस्तकांची टेबले, आदिवासी विद्यार्थी संघटनांच्या पुस्तिका, असा त्याचा माग काढावा लागतो. आयएसबीएन नसतो, कधी सालही नसते. शीर्षकपानाचा आणि मागच्या पानाचा फोटो काढून ठेवा, प्रकाशकाचे नाव आणि गाव लिहून घ्या. साल नसेल तर सूचीत 'प्रकाशनवर्ष नमूद नाही' असे लिहा, अंदाजाने घालू नका. तज्ज्ञांचे परीक्षण झालेले नाही म्हणून हे लेखन कमी दर्जाचे ठरत नाही. मात्र त्यातली इतिहासाची विधाने, विशेषतः फार प्राचीन काळाबद्दलची, इतर पुराव्यांशी ताडून पाहा, जशी कोणाचीही पाहाल.

वृत्तांकनात 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'वरचे लेख उपयोगी पडतात, कारण तिथे गाव, बोलणाऱ्याचे नाव, वार्ताहर आणि अनुवादक नोंदलेले असतात. संदर्भात अनुवादकाचेही नाव द्या.

एकाच घटनेचे दोन हिशेब

संघटनांचे अहवाल आणि प्रकल्प अधिकाऱ्यांचे अहवाल जुळत नाहीत तेव्हा विद्यार्थी मधला आकडा घेतात. तसे करू नका. सरदार सरोवराचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात 33 गावे बाधित, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो 'प्रकल्पग्रस्त' कोणाला म्हणायचे यावर. 1979 च्या नर्मदा जलविवाद लवादाच्या निवाड्यात जलाशयाखाली जमीन गेलेल्यांचा विचार आहे, कालव्यांनी आणि प्रकल्पाच्या कर्मचारी-वसाहतीच्या बांधकामाने उठवलेले लोक त्या व्याख्येत बसले नाहीत. सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब धरायचा का, वनजमीन कसणारा धरायचा का, यावरही संख्या हलते. दोन्ही बाजूंची व्याख्या शोधून काढा, दोन्ही आकडे द्या आणि फरक कोणत्या व्याख्येतून आला ते सांगा. पेपरातला हा परिच्छेद बहुधा सर्वांत चांगला उतरतो.

पारखण्याची वही

प्रत्येक संदर्भासाठी अर्धे पान ठेवा आणि त्यावर लिहा: लेखक कोण, त्या समाजातला की बाहेरचा, पैसे कोणी दिले, कधीची माहिती (छपाईचे साल आणि प्रत्यक्ष पाहणीचे साल यांत पाच-सात वर्षांचे अंतर सहज असते), कोणाला विचारले, स्त्रियांना विचारले का, कोणत्या भाषेत. माडियातले उत्तर दुभाष्याने मराठीत, संशोधकाने इंग्रजीत आणि तुम्ही पुन्हा मराठीत आणले, तर ते अवतरणचिन्हांत टाकू नका, आशय म्हणून द्या. 'पूर्वी', 'परंपरेने', 'अजूनही' असे शब्द कुठे येतात त्यावर खूण करा. ज्या लेखात वर्ष नाही आणि हे शब्द भरपूर आहेत, तो लेखक समाजाला काळाबाहेर ठेवतो आहे. असा संदर्भ दुय्यम माना.

यूट्यूबवरची गाणी, पूजाविधी, मुलाखती वापरण्याआधी चित्रण कोणी केले आणि बोलणाऱ्याला ते ठाऊक होते का, हे बघा. काही विधी बाहेरच्यांसाठी नसतात. ते इंटरनेटवर आहेत म्हणजे वापरायला परवानगी आहे असे होत नाही. अंदमानातल्या जारवांसारख्या संरक्षित जमातींची छायाचित्रे पेपरात लावू नका. त्यांच्यासाठी 1956 पासून स्वतंत्र संरक्षण विनियम आहे. स्वतः मुलाखती घेणार असाल तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, समजेल अशा भाषेत संमती घ्या, आणि नाव द्यायचे की नाही हे बोलणाऱ्याला ठरवू द्या. संदर्भात व्यक्तीचे नाव (संमती असेल तर), समाज, गाव, बोलण्याची भाषा, दिनांक आणि दुभाषी लिहा.

शेवटी एक तांत्रिक गोष्ट. सरकारी संकेतस्थळांची रचना बदलते आणि दुवे मरतात. पीडीएफ मिळाल्या क्षणी उतरवून ठेवा, फाइलच्या नावात विभाग, साल आणि पाहिल्याची तारीख घाला, आणि शक्य असेल तर त्या पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हवर जतन करून तो दुवाही सूचीत द्या. परीक्षकाने दुवा उघडला आणि पान सापडले नाही, तर तुमच्या आकड्याला तोच एक आधार उरतो.